दिसणारे गाणे : घरगुती संगीतयंत्रांवरील पडद्याचा एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला)

संगीत हा कानाचा विषय आहे, डोळ्यांचा नव्हे, असे आपण सर्वसाधारणपणे गृहीत धरतो. मैफलीत डोळे मिटून बसलेला श्रोता आपल्याला खरा रसिक वाटतो. परंतु थोडा विचार केला तर असे दिसते की, त्याच मैफलीत आपण पुष्कळ काही पाहतही असतो. तान घेताना गवयाचा वर जाणारा हात, समेच्या आधी तबलजीने उचललेली मान, दोघांची क्षणभर झालेली नजरानजर आणि मग पहिल्या रांगेतून उठलेली ‘वाहवा’ या गोष्टी ऐकण्याचाच भाग असतात. ऐकणे आणि पाहणे यांची ही गाठ प्रथम यंत्राने तोडली. ग्रामोफोन आला, रेडिओ आला. गाणे घरात आले, पण गवई दिसेनासा झाला. तेव्हापासून आजतागायत यंत्रे बनविणारी माणसे त्या रिकाम्या जागेवर काही ना काही दाखवीत आली आहेत. कधी एक हिरवा दिवा, कधी हलता काटा, कधी अक्षरे, तर कधी रंगीत पट्ट्या. आजच्या घरगुती स्ट्रीमिंग यंत्रांवर तर काय दिसावे हे ऐकणाऱ्यालाच ठरविता येते. या ‘ठरविता येण्या’चा खरा उपयोग कोणता, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय मी निवडला त्याला एक घरगुती कारण आहे, तेही आरंभीच सांगितलेले बरे. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, आज ८२ वर्षांचे आहेत. तरुणपणी ते गावच्या विठ्ठलमंदिरात भजनाला तबला वाजवीत. शिक्षण असे कोणा उस्तादाकडे झालेले नव्हते, परंतु हात चांगला होता आणि ताल पक्का होता. गेल्या तीन-चार वर्षांत त्यांची श्रवणशक्ती फार कमी झाली. श्रवणयंत्र आहे, पण ते मुख्यतः बोलणे समजावे अशा बेताने लावलेले असते. त्यातून गाणे कसे ऐकू येते असे विचारले तर ते म्हणतात, “पत्र्यावर पाऊस पडतो तसे.” गेल्या वर्षापासून त्यांनी गाणे लावणेच सोडून दिले होते. ज्याचा कान चालला आहे त्या माणसाला यंत्रावरचा पडदा काही देऊ शकेल काय, हा प्रश्न मला पडला आणि त्यातून हा अभ्यास झाला.

१. हिरवा डोळा आणि हलता काटा

आजोबांच्या माजघरात एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ अजून जपून ठेवलेला आहे. त्याच्या काचेमागे एक वाटोळा हिरवा डोळा आहे. हल्ली तो इतका मंद झाला आहे की, दिवा मालवल्याशिवाय दिसत नाही. या डोळ्याला इंग्रजीत ‘मॅजिक आय’ असे नाव होते. अमेरिकेतील ॲलन ड्यूमाँट यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी त्याचा शोध लावला आणि १९३५ साली आरसीए कंपनीने तो बाजारात आणला. त्याची रचना मोठी सुबक आहे. नळीतील तापलेल्या भागातून निघणारे इलेक्ट्रॉन फॉस्फरचा लेप दिलेल्या वाटीसारख्या पृष्ठभागावर आदळतात व हिरवा प्रकाश पडतो. मध्ये असलेल्या एका बारीक पट्टीवरील विद्युतदाबानुसार त्या प्रकाशात पाचरीच्या आकाराची सावली पडते. स्टेशन नीट लागले की सावली अरुंद होते, घसरले की रुंदावते. आजोबा सांगतात, “डोळा मिटला की समजायचे, सिलोन बरोबर लागले.”

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हा डोळा शोभेचा नव्हता. कानाला जे नेमके ठरविता येत नव्हते ते तो दाखवीत असे. कान केवळ ‘बरे लागले’ इतकेच सांगे. डोळा ‘आणखी किंचित उजवीकडे’ असे सांगे. म्हणजे दृश्य हे श्रवणाच्या मदतीला आले होते.

दुसरे उदाहरण व्हीयू मीटरचे. बेल प्रयोगशाळा आणि सीबीएस व एनबीसी या दोन नभोवाणी संस्था यांनी मिळून १९३९ साली हे मापक सिद्ध केले व १९४२ साली त्यास अमेरिकेत प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. फिकट पिवळ्या तबकडीवर उणे २० पासून अधिक ३ पर्यंतचे आकडे आणि शून्यापलीकडचा तांबडा भाग हे त्याचे रूप अनेकांच्या परिचयाचे असेल. या मीटरचा काटा मुद्दाम संथ ठेवलेला आहे. आवाज एकदम वाढला तरी काटा आपल्या जागी पोहोचावयास सुमारे ३०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा घेतो. त्यामागे विचार असा की, माणसाच्या कानालाही आवाजाचा मोठेपणा एका क्षणात जाणवत नाही, तो थोड्या अवधीच्या सरासरीने जाणवतो. काट्याने क्षणिक टोके दाखविण्यापेक्षा ती सरासरी दाखवावी, म्हणजे नभोवाणी केंद्रावरील माणसाला पातळी सांभाळता येईल. या संथपणाकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९७० च्या दशकात हे काटे स्टुडिओतून घराघरातील ॲम्प्लिफायरवर व कॅसेट डेकवर आले. कॅसेटवर ध्वनिमुद्रण करताना पातळी पाहण्यासाठी त्यांची गरज होतीच. पण जी यंत्रे केवळ वाजविण्यासाठी होती त्यांवरही ते बसविले गेले. तेथे त्यांना मोजण्याचे असे काही काम नव्हते. काम गेले आणि रूप उरले. अंधाऱ्या खोलीत दोन उजळलेल्या तबकड्यांतील काटे गाण्याबरोबर डोलतात हे पाहणे लोकांना आवडू लागले. पुढे त्याच दशकात अटारी कंपनीने ‘व्हिडिओ म्युझिक’ नावाची एक पेटी काढली. ती दूरचित्रवाणी संचाला जोडली की, गाण्याबरोबर रंगीत आकृत्या हलत. ती फार चालली नाही. २००१ साली रायन गाइस यांनी विनॅम्प या संगणक-वादकासाठी ‘मिल्कड्रॉप’ हा कार्यक्रम लिहिला व आकृत्यांचा हा प्रकार खऱ्या अर्थाने लोकप्रिय झाला. या आकृत्या मोहक असतात यात शंका नाही. परंतु त्यांच्याकडे पाहून ‘आता सम आली’ असे सांगता येत नाही. त्या गाण्यावर नाचतात, गाण्याविषयी काही सांगत नाहीत.

अशा रीतीने पडद्याचे दोन हेतू आपल्यासमोर येतात: एक सांगण्याचा आणि दुसरा सजविण्याचा. तिसराही एक हेतू आहे, तो म्हणजे नाव देण्याचा. त्याचा विचार पुढे करू.

२. पेटीवरची अक्षरे

घरगुती स्ट्रीमिंग यंत्राचे जे उदाहरण मी अभ्यासासाठी घेतले ते ‘स्क्वीझबॉक्स’ या यंत्रमालिकेचे. ते घेण्याचे कारण असे की, पडदा कसा असावा हे वापरणाऱ्यावर सोपविण्याची कल्पना या यंत्रांत फार लवकर आणि फार पूर्णपणे आली.

कॅलिफोर्नियातील शॉन ॲडम्स यांनी स्थापन केलेल्या स्लिम डिव्हायसेस या लहानशा कंपनीने २००१ साली ‘स्लिम्प-थ्री’ नावाचे यंत्र काढले. त्यात ध्वनिक्षेपक नव्हता, तबकडी नव्हती, गाणी साठविण्याची सोयही नव्हती. गाणी घरातल्या संगणकावर असत; तेथील एक कार्यक्रम ती तारेवरून या पेटीकडे पाठवी आणि पेटी ती ॲम्प्लिफायरला देई. पेटीच्या दर्शनी भागावर जवळजवळ एकच वस्तू होती: दोन ओळींचा, प्रत्येक ओळीत ४० अक्षरे मावतील असा निळसर-हिरवा उजळ पडदा. या जातीच्या पडद्याला व्हॅक्यूम फ्लुओरेसंट डिस्प्ले असे म्हणतात. त्याचा अंक दाखविणारा पहिला नमुना १९६७ साली जपानमधील इसे इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तयार केला. गंमत अशी की, तत्त्व त्याच जुन्या हिरव्या डोळ्याचे आहे. निर्वात काचेत तापलेले तंतू, त्यांतून निघणारे इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या आघाताने उजळणारा फॉस्फर. आजोबांच्या रेडिओचा डोळा जणू अक्षरे गिरवावयास शिकला.

२००३ साली बिनतारी ‘स्क्वीझबॉक्स’ आला. २००५ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत पडदा अक्षरांच्या चौकटींचा न राहता ३२० बाय ३२ ठिपक्यांचा झाला. त्यामुळे अक्षर मोठे करता येऊ लागले, आणि गाणे चालू असताना पट्ट्यांचे किंवा काट्याचे दृश्यही दाखविता येऊ लागले. २००६ साली लॉजिटेक या कंपनीने स्लिम डिव्हायसेस विकत घेतली. २०१० साली ‘स्क्वीझबॉक्स टच’ हे रंगीत स्पर्शपडद्याचे यंत्र आले. २०१२ साली ही मालिका बंद करण्यात आली.

यंत्रे बंद झाली तरी ती परंपरा मात्र संपली नाही. संगणकावरील मूळ कार्यक्रम पहिल्यापासून सर्वांना खुला होता. त्याची संहिता कोणालाही वाचता व बदलता येई. तो आजही स्वयंसेवक सांभाळतात आणि २०२४ पासून तो ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’ या नावाने ओळखला जातो. पेटीच्या जागी आता ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्यांच्या जोडाएवढा संगणक व त्याला जोडलेला सात इंची पडदा वापरता येतो. माझ्या मावसभावाने असे एक यंत्र जोडून आजोबांच्या पलंगाशेजारच्या फडताळात ठेवले. पडदा चालविणाऱ्या कार्यक्रमाचे नाव ‘जाइव्हलाइट’. काय दाखवावे, किती मोठे दाखवावे, कोणत्या रंगात दाखवावे, गाणे थांबल्यावर घड्याळ दिसावे की काळोख व्हावा, हे सारे त्यात ठरविता येते. काट्याच्या तबकड्यांची चित्रे तर लोकांनी इतकी करून ठेवली आहेत की, निवड करतानाच माणूस थकावा.

प्रथम आम्हीही त्या मोहात पडलो. मावसभावाने पहिल्या दिवशी एका सुंदर पिवळ्या तबकडीचे काटे लावून दिले. आजोबांनी थोडा वेळ पाहिले आणि विचारले, “हे काय, विजेचे मीटर आहे काय?” त्यांची थट्टा आम्ही हसण्यावारी नेली. पण त्या थट्टेत आमच्या सर्व चुका सामावलेल्या होत्या, हे मला नंतर कळले.

३. नावाचा प्रश्न

काट्याआधी अक्षरांची गोष्ट सांगावी लागेल, कारण अडचण प्रथम तेथे आली. पडद्यावर गायिकेचे नाव उमटले ते देवनागरीत नव्हे, तर रिकाम्या चौकोनांत. आम्ही योग्य अक्षरसंच घातला नव्हता, ही चूक आमचीच. तो घातल्यावर चौकोन गेले. पण ‘किशोरी’ या नावातील पहिली वेलांटी ‘क’च्या अलीकडे न येता पलीकडे जाऊन बसली, आणि जोडाक्षरे पाय मोडल्यासारखी सुटी झाली.

याचे कारण शोधताना एक रोचक गोष्ट कळली. युनिकोड या संगणकीय लिपिव्यवस्थेत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवितात. ‘कि’ म्हणजे आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व इकार. लिहिताना मात्र आपण ती वेलांटी आधी काढतो. तेव्हा साठविलेला क्रम आणि दिसणारा क्रम यांतील फरक पडदा रंगविणाऱ्या कार्यक्रमाने सांभाळावा लागतो. रोमन लिपीत हा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या साध्या कार्यक्रमांत ही सोय नसते. आम्ही शेवटी एक जुजबी उपाय केला. नावे नीट जुळवून त्यांची चित्रे तयार केली आणि तबकडीच्या मुखपृष्ठाचे चित्र जेथे येते तेथे ती बसविली. अक्षरे मोठी, काळ्यावर पांढरी आणि पलंगावरून वाचता येतील अशी. उपाय ओबडधोबड होता, पण आजोबांना नाव मराठीत वाचता आले.

दुसरी अडचण अधिक खोल होती. नाव म्हणजे कोणाचे? गाण्याच्या फाइलमध्ये माहिती भरण्याची ‘आयडी-थ्री’ नावाची जी पहिली पद्धत १९९६ साली एरिक केम्प यांनी सुचविली, तीत फाइलच्या शेवटी केवळ १२८ बाइट राखून ठेवलेले होते. त्यांत शीर्षकाला ३०, कलाकाराला ३०, तबकडीच्या नावाला ३०, वर्षाला ४, शेऱ्याला ३० आणि प्रकाराला अवघा १ बाइट. यूटीएफ-आठ या आजच्या प्रचलित पद्धतीत एका देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे तीस बाइटांत आपली दहाच चिन्हे मावली असती. पुढच्या पद्धतींनी ही मर्यादा दूर केली, परंतु रकाने मात्र मनात तेच राहिले: गाणे, कलाकार, अल्बम. ही त्रयी पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताची आहे. आपल्या ख्यालगायनाला लागणारे रकाने निराळे: राग कोणता, ताल कोणता, लय कोणती, चीज कोणाची, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी ध्वनिमुद्रणांच्या माहितीत साथीदाराचे नावच नसते. पूर्वी ते निदान रेकॉर्डच्या वेष्टनाच्या पाठीमागे सापडण्याची आशा असे.

येथे इतिहासातील एक प्रसंग आठवतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले. त्या काळच्या मुद्रणांच्या शेवटी गायिका स्वतःचे नाव मोठ्याने इंग्रजीत सांगत असे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत, आणि तेथील कारागिरांना कोणते गाणे कोणाचे हे कळावे अशी ती योजना होती. म्हणजे तेव्हा नाव हे नादाच्या आतच कोरलेले असे. आज नाव नादापासून वेगळे होऊन पडद्यावर गेले आहे. तेथे कोणी ते लिहिले नाही तर ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते हळूहळू विसरले जाते. आजोबांनी पहिल्याच दिवशी विचारले होते, “तबला कोणाचा?” पडद्याला ते ठाऊक नव्हते.

ही उणीव भरून काढणे फारसे अवघड नाही. ‘फ्लॅक’ या खुल्या ध्वनिपद्धतीत आपल्याला हव्या त्या नावाचे रकाने करता येतात. मी आजोबांच्या मदतीने चाळीसएक ध्वनिमुद्रणांची माहिती वहीत लिहून काढली आणि राग, ताल व साथीदार ही नावे भरली. जेथे खात्री नव्हती तेथे जागा मोकळी सोडली. या कामाला पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस आजोबा पुन्हा गाण्याविषयी बोलत होते, हा त्यातला माझा लाभ.

४. काटा की पट्ट्या?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कान चालला असता डोळ्याला काय देता येईल?

काट्यांकडे पाहून आजोबांना काही कळत नव्हते, याचे कारण वर सांगितलेल्या संथपणात आहे. व्हीयू काटा दोन गोष्टी एकत्र करतो. एक तर तो काळाची सरासरी घेतो, आणि दुसरे म्हणजे उंच व खर्ज असे सगळे स्वर एकाच आकड्यात मिसळतो. मध्यलयीच्या तीनतालाचे आवर्तन समजा आठ सेकंदांचे आहे; म्हणजे एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. त्यात काट्याची चढउतार अंधुकशी दिसेलही, पण गायकाचा आवाज व तानपुरा त्याच काट्याला धरून ठेवतात. काटा मध्येच कोठेतरी थरथरत राहतो. विजेचे मीटर म्हटले ते काही खोटे नव्हते.

याउलट पट्ट्यांच्या दृश्यात आवाजाचे पृथक्करण केलेले असते. कोणताही गुंतागुंतीचा आवाज साध्या लहरींच्या बेरजेने मांडता येतो, हे तत्त्व फ्रेंच गणिती फूरिये यांचे. ते पृथक्करण संगणकाकडून झटपट करवून घेण्याची रीत कूली व ट्यूकी यांनी १९६५ साली प्रसिद्ध केली. तीमुळेच एवढासा संगणक चालू गाण्याचे तुकडे पाडू शकतो. सीडीच्या प्रतीच्या आवाजात एका सेकंदात ४४,१०० नमुने असतात. त्यांतले २०४८ नमुने एका वेळी घेतले, तर तो तुकडा सुमारे ४६ मिलिसेकंदांचा होतो आणि साधारण २१ हर्ट्झच्या अंतराने स्वर वेगळे ओळखता येतात. तुकडा मोठा घेतला तर स्वर अधिक नेमका कळतो पण क्षण पुसट होतो. लहान घेतला तर क्षण नेमका पण स्वर पुसट. दोन्ही एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत.

तबल्यापुरता विचार केला तर हे अंतर पुरेसे आहे. डग्ग्याचा घुमारा बराच खाली, १०० हर्ट्झच्या आसपास वा त्याहून खाली असतो. उजव्याचा नाद त्याहून पुष्कळ वर असतो. उजव्याच्या नादाला जो सुरेलपणा आहे त्याचा अभ्यास सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केला होता. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर बेसूर असतात, पण आपल्या वाद्यांवरील शाईच्या वजनामुळे ते एका सुरेल मालिकेत बसतात, असे त्यांनी १९२० साली दाखविले आणि १९३४ साली सविस्तर मांडले. त्या कामी त्यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून कंपनांच्या रेषा डोळ्यांनी पाहिल्या. नाद दिसू शकतो ही कल्पना म्हणजे काही आजच्या पडद्याची देणगी नव्हे.

आता तीनतालाचा ठेका आठवावा. सोळा मात्रा, पहिल्या मात्रेवर सम, नवव्या मात्रेवर खाली. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. यात ‘धा’ व ‘धिं’ या बोलांत डग्गा घुमतो. ‘तिं’ व ‘ता’ यांत तो घुमत नाही. म्हणजे दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत डग्ग्याचा घुमारा नसतो आणि चौदाव्या मात्रेला तो परत येतो. जर खालच्या स्वरांची पट्टी वेगळी दिसली, तर त्या चार मात्रांत ती खाली बसून राहावयास हवी. हे मला कागदावर सुचले तेव्हा खरे वाटेना.

आम्ही काटे काढून टाकले. मुखपृष्ठाचे चित्र, हवामान, तारीख सर्व काढले. पट्ट्या कमी व रुंद केल्या, त्यांतील अंतर वाढविले, डाव्या व उजव्या वाहिन्या एकत्र केल्या. डावीकडच्या, म्हणजे खर्जाच्या पट्ट्या पिवळ्या आणि बाकीच्या फिक्या राखी केल्या. एकल तबलावादनाचे एक ध्वनिमुद्रण लावले, ज्यात आरंभी बराच वेळ साधा ठेका चालतो. आजोबांना काहीही सांगितले नाही.

पहिली दोन-तीन आवर्तने ते नुसते पाहत होते. मग त्यांचा डावा तळहात पांघरुणावर दबला. पिवळी पट्टी उठली की हात दबे. चार मात्रा ती बसून राहिली तेव्हा हातही उचललेला राहिला, आणि चौदाव्या मात्रेला दोन्ही एकदम परत आले. ते माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “ही खाली आहे.” थोड्या वेळाने स्वतःशीच बोटांवर मोजून त्यांनी सम दाखविली. ती बरोबर होती.

५. मर्यादा व निष्कर्ष

या प्रसंगाने मी भारावून गेले हे कबूल करते. परंतु अभ्यासलेखात मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एकल तबल्यावर जे स्वच्छ दिसले ते ख्यालगायनात तितके दिसत नाही. पुरुष गायकाचा खर्ज, पेटी आणि तानपुऱ्याची खालची तार ही डग्ग्याच्या शेजारीच वावरतात. पिवळी पट्टी मग कोणासाठी उठली हे सांगता येत नाही. वादक पेशकार-कायद्यात शिरला की बोल इतके दाट होतात की, डोळा मागे पडतो. आणि सर्वांत खेदाची गोष्ट म्हणजे जुनी मुद्रणे. १९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी कर्ण्यातून जे मुद्रण होई त्यात खर्ज फारच थोडा उतरे. त्यानंतरच्या अनेक जुन्या तबकड्यांतही डग्गा क्षीणच आहे. आजोबांना सर्वांत प्रिय असलेली काही गाणी अशा तबकड्यांवरची आहेत. ती लावली की पिवळ्या पट्ट्या निपचित पडून राहतात. तेथे पडदा काहीच करू शकत नाही. कारण जे मुद्रितच झाले नाही ते दाखविणार कोठून?

शिवाय जे दिसते तो ताल आहे, सूर नव्हे. मी एकदा मोठ्या आशेने विचारले, “आजोबा, आता गाणे ऐकल्यासारखे वाटते का हो?” ते म्हणाले, “नाही ग. सम कळते, सूर कळत नाही. पण नुसती सम कळली तरी माणूस मैफलीत बसल्यासारखा असतो.” या उत्तरात मला काही भर घालावीशी वाटत नाही.

या साऱ्यातून मी जे निष्कर्ष काढले ते असे. एक, संगीतयंत्रावरील पडदा सजावटीसाठी वापरण्यात गैर काही नाही; परंतु काटा, पट्टी व अक्षर यांचा जन्म कानाला मदत करण्यासाठी झाला, हे विसरले की आपण केवळ तबकड्यांची चित्रे बदलीत बसतो. दोन, कोणते दृश्य चांगले हे पाहणाऱ्यावाचून ठरत नाही. मला पिवळा काटा सुंदर वाटला तो माझे कान शाबूत आहेत म्हणून. तो माझ्यासाठी शोभा होता. आजोबांना हवे होते ते दृश्य दिसावयास ओबडधोबड होते. तीन, पडदा आपल्या मर्जीनुसार बदलता येतो म्हणून तो आपल्या संगीताला आपोआप अनुकूल होत नाही. राग, ताल, साथीदार आणि देवनागरीतील शुद्ध नाव या गोष्टी कोणीतरी बसून भराव्या लागतात.

या तिसऱ्या मुद्द्यावर एक सूचना करून लेख पुरा करते. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संगीताच्या कॅसेटचा जो संग्रह कपाटात पडून आहे, त्याच्या वेष्टनांवर साथीदारांची नावे हाताने लिहिलेली आहेत. शाई उडत चालली आहे. संग्रह संगणकावर आणण्याचा विचार कधीतरी होईलच. तो होईल तेव्हा होवो, परंतु ती नावे तरी आताच वहीत उतरवून घ्यावीत. मी व माझ्या दोन मैत्रिणी दर शनिवारी दुपारी हे काम करावयास तयार आहोत. ज्यांना ताल ओळखता येतात अशा विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी थोडा वेळ द्यावा, अशी विनंती आहे. अडलेल्या ठिकाणी विचारावयास माझे आजोबा आहेत. ताल कोणता हे ते पडद्यावर पाहून सांगतील.